साठेबाजीमुक्त विज्ञान

आपल्या संशोधन संस्थांना नावे ठेवणे फार सोपे झाले आहे. निधी अपुरा, जागा रिकाम्या, उपकरणे बंद, ही यादी कुणीही वाचून दाखवतो. या गदारोळात त्यांनी गाजावाजा न करता साधलेली एक गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली. अनेक संस्थांमध्ये आज सामायिक संगणक आहेत. बरीच यंत्रे एकत्र जोडून उभारलेल्या या व्यवस्थेला तिथली मंडळी क्लस्टर म्हणतात. त्यावर संशोधक वर्षानुवर्षे राबून माहिती जमवतात, आणि ती माहिती पुष्कळ ठिकाणी एकाच प्रतीत राहते. दुसरी प्रत नसते. असलीच, तर ती कधी उघडून पाहिलेली नसते. सातबाऱ्याच्या आपण तीन तीन झेरॉक्स काढून ठेवतो. पाच वर्षांच्या संशोधनावर मात्र असा अविश्वास दाखवावा असे या संस्थांना वाटले नाही. एवढा निर्मळ विश्वास आज दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात उरला आहे?

हे कौतुक लोणावळ्याजवळच्या वलवणच्या माणसाने करण्यात औचित्य आहे, कारण उलट्या टोकाचा अतिरेक आम्ही उशाशी घेऊन झोपतो. १९११ साली लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी झाली, १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. योजना मोठी, पण तिच्या मुळाशी असलेला संशयी स्वभाव नजरेआड करता येत नाही. मावळात पावसाळ्यात पाणी इतके पडते की त्याचा कंटाळा यावा. तरीही त्या लोकांना जानेवारी-फेब्रुवारीची धास्ती. म्हणून वलवणला धरण बांधले. तेवढ्याने भागेना म्हणून लोणावळा आणि शिरोता. पाऊस पुढच्या वर्षी पुन्हा येणारच आहे, हे माहीत असूनही चार महिन्यांचे पाणी बारा महिन्यांना पुरवण्याचा हा खटाटोप. शतक उलटून गेले, मुंबईला वीज जाते आहे, आणि पावसावर विश्वास न ठेवणाऱ्यांचे हे स्मारक अजून उभे आहे. (पर्यटक त्याच्यापुढे फोटो काढतात. त्यांना ते नुसते तळे वाटते, हे एका परीने बरेच आहे.) आपल्या संस्थांनी हा कोता दृष्टिकोन बाळगला नाही.

यावरून दुसरी सोय करून ठेवणे आपल्याला जमतच नाही, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. २६ सप्टेंबर २०२४ चा दिवस आठवावा. त्या दिवशी पंतप्रधान पुण्यात येणार होते. मुसळधार पावसामुळे दौरा रद्द झाला. तरीही त्याच दिवशी व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारे पुणे, दिल्ली आणि कोलकात्यातील तीन परम रुद्र महासंगणकांचे लोकार्पण झाले. शिवाय पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील ‘अर्का’ आणि नोएडातील ‘अरुणिका’ या हवामानासाठीच्या महासंगणकांचेही झाले. हवामानाचा वेध घेणाऱ्या यंत्रांच्या समारंभात हवामानाने भाग घेतला, आणि समारंभ तरीही पार पडला, कारण त्याचा बॅकअप तयार होता. ज्या गोष्टीची पर्यायी व्यवस्था करायलाच हवी तिची आपण ती चोख करतो. समारंभ ही तशी गोष्ट आहे. डेटा कुठल्या वर्गात मोडतो, हा प्राधान्याचा प्रश्न आहे.

मोठ्या केंद्रांचे सोडा. या विचाराचा खरा बहर छोट्या आणि मध्यम क्लस्टरांवर पाहावा. तिथे प्रत्येकाला ‘होम’ नावाची एक लहान जागा मिळते आणि ‘स्क्रॅच’ नावाची एक ऐसपैस, वेगवान जागा. होमला कोटा असतो आणि तो पहिल्या सहा महिन्यांत भरतो. स्क्रॅचला बॅकअप नसतो, तिथल्या जुन्या फायली ठरावीक दिवसांनी आपोआप पुसल्या जातात, आणि हे सगळे नव्या वापरकर्त्याला पाठवलेल्या माहितीपत्रात स्पष्ट लिहिलेले असते. ‘डेटाची जबाबदारी सर्वस्वी वापरकर्त्याची राहील’ हे वाक्य त्यात बहुधा पासवर्ड बदलण्याच्या सूचनेच्या खाली येते. एका ओळीत एवढी मोठी जबाबदारी इतक्या कमी खर्चात दुसऱ्याच्या खांद्यावर देणारे वाक्य प्रशासकीय गद्यात विरळा.

मग व्हायचे ते होते. होम भरले की थिसिस स्क्रॅचवर जातो. तात्पुरत्या जागेत कायमचे राहायला जाणे ही आपल्या शहरांनी सिद्ध केलेली पद्धत आहे, तेव्हा विद्यार्थ्यांना दोष देण्याचे कारण नाही. फायली जुन्या झाल्या म्हणून पुसल्या जाऊ नयेत यासाठी त्यांनी एक उपायही शोधला आहे. ‘टच’ नावाची एक आज्ञा असते. ती फाईलला काहीच करत नाही, फक्त तिच्यावरची तारीख आजची करते. दर रविवारी रात्री लाखो फायलींना असा हात लावून येणारी छोटी प्रोग्रॅमवजा युक्ती एका बॅचकडून पुढच्या बॅचकडे चालत येते. नियमही पाळला जातो, फायलीही टिकतात, डिस्क तेवढी भरत राहते. नियम करणारा आणि तो मोडणारा यांच्यात इतका सलोखा आमच्या नगरपालिकेतही दिसत नाही.

डेटा सुरक्षित आहे का, असा खोचक प्रश्न कुणी विचारलाच, तर सर्व्हर रूममधून आत्मविश्वासाने उत्तर येते की ‘रेड’ आहे. रेड म्हणजे अनेक डिस्कांची अशी जुळणी की त्यातल्या एक-दोन बिघडल्या तरी माहिती शाबूत राहते. उत्तम व्यवस्था आहे. तिची निष्ठा तर दृष्ट लागण्यासारखी. आरएम या पुसण्याच्या आज्ञेत फोल्डरचे नाव आणि तारांकन यांच्यामध्ये चुकून एक मोकळी जागा पडली, तर संगणक ते फोल्डरही पुसतो आणि आजूबाजूचे सगळेही, आणि रेड हे पुसणे प्रत्येक डिस्कवर सारख्याच इमानाने नोंदवते. एकही डिस्क मालकाच्या चुकीविरुद्ध ब्र काढत नाही. मोठ्या क्लस्टरांवरची लस्टर ही फाईल व्यवस्था याहून एक पाऊल पुढे आहे. एकेका फाईलचे तुकडे करून ते अनेक डिस्कांवर पसरवायचे, आणि कुठला तुकडा कुठे आहे याची वही एका वेगळ्या सर्व्हरवर ठेवायची. ती वही गेली, तर डेटा सगळा जागेवरच असतो. फक्त तो कुणाचा काय आहे हे कळत नाही.

काही संस्था दुसरी प्रत ठेवतातच. त्यांच्याबद्दल गैरसमज नको. ती त्याच खोलीत, शेजारच्या रॅकमध्ये, त्याच एसीखाली आणि त्याच युपीएसवर ठेवून त्यांनी मूळ विचाराशी प्रामाणिक राहण्याचा प्रयत्न केलेला असतो.

आता टेपचा मुद्दा, कारण विरोधक तो काढतातच. मोठा डेटा जपायला आजही चुंबकीय टेप वापरतात. एलटीओ-९ जातीच्या एका कॅसेटमध्ये १८ टेराबाइट मावतात. अंदाज यावा म्हणून ‘अर्का’ची साठवण घेऊ, ती ३३ पेटाबाइट, म्हणजे ३३ हजार टेराबाइट आहे. भागाकार केला की १,८३४ कॅसेटी लागतात. ऐकायला हा आकडा भयंकर वाटतो, आणि म्हणूनच तो बैठकीत सांगायला योग्य आहे. कॅसेट तळहाताएवढी असते आणि अठराशे कॅसेटी एका, फार तर दोन गोदरेजच्या कपाटांत बसतात, हा तपशील बैठकीत सांगू नये. चर्चा कपाटाच्या टेंडरवर घसरते. शिवाय महासंगणकाच्या वेगाचे, पेटाफ्लॉपचे आकडे वर्तमानपत्रात छापून येतात. कपाटासमोर फीत कापतानाचे छायाचित्र चांगले येत नाही.

खर्चाचे गणितही पाहावे. जगात ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे तो आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. उरलेला निधी त्या दिवसापर्यंत खर्ची पडायला हवा, उपयोगिता प्रमाणपत्रे जायला हवीत, आणि खरेदी म्हणजे क्लस्टरला जोडायची नवी यंत्रे, म्हणजे नोड, आणि नवी जीपीयू कार्डे, हे तर उघडच आहे. त्यांच्यावर अधिक वेगाने अधिक डेटा तयार होतो. तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न पुढच्या आर्थिक वर्षाचा, आणि पुढच्या आर्थिक वर्षालाही एक ३१ मार्च असतो. जागतिक दिन ठरवणाऱ्यांनी ही तारीख आपल्याला विचारून ठरवली असती तरी याहून समर्पक सापडली नसती.

बॅकअपपेक्षा न घेतलेला बॅकअप श्रेष्ठ, याला पुरावाही आहे, आणि तो जपानसारख्या शिस्तप्रिय देशातून आला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरून सुमारे ७७ टेराबाइट माहिती पुसली गेली. जवळपास ३ कोटी ४० लाख फायली, १४ संशोधन गट, आणि त्यातल्या चार गटांचे काही परत मिळण्याजोगे उरलेच नाही. पुसले कुणी? बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमनेच. हेवलेट-पॅकार्ड एंटरप्राइझच्या लोकांनी तो सुधारला आणि जुना चालू असतानाच नवा त्याच्यावर चढवला. जुन्या लॉग फायली कुठून पुसायच्या ते सांगणारी जागा मध्येच रिकामी झाली, आणि प्रोग्रॅमने रिकाम्या जागेचा अर्थ ‘सगळीकडून’ असा घेतला. कंपनीने संपूर्ण दोष स्वतःकडे घेतला, एवढा प्रांजळपणा अर्थात अनुकरणीय नाही. पण बोध घ्यायचा तो असा, की त्यांनी बॅकअप घेतलाच नसता तर काहीच पुसले गेले नसते. आपल्या संस्था हे त्यांच्या कितीतरी आधीपासून जाणून आहेत.

बॅकअप घेतला तरी तो परत आणता येतो का, हे तपासण्याचा आग्रह तर निव्वळ आगाऊपणाचा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्याने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. चूक कळून त्याने थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. कंपनीकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. एकही कामाला आली नाही. पाचही पद्धती कागदावर मात्र त्या क्षणापर्यंत उत्तम चालू होत्या, आणि परत आणून पाहण्याची वेळ आली नसती तर अजूनही चालू राहिल्या असत्या. तपासणीने कुणाचे भले झाले? अखेर दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी कुणीतरी काढून ठेवलेली एक प्रत सापडली आणि त्यावर निभावले. योगायोगाला बजेट लागत नाही, हे आपल्या वित्त अधिकाऱ्यांनी टिपून ठेवावे.

आपल्या संस्कृतीत याला आधार आहे, असेही सुचवावेसे वाटते. ज्या इंद्रायणीच्या उगमाजवळ आम्ही राहतो तिच्याच काठी, खाली देहूला, तुकोबांच्या वह्या नदीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांच्या धरण्यानंतर त्या कोरड्या वर आल्या, अशी कथा महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. चिकित्सक मंडळी तिच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहतात. ती म्हणतात, वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या मुखी होते, पंचक्रोशीत पसरलेले होते. शिवाय संताजी जगनाड्यांसारखी माणसे ते लिहून ठेवत होती, ज्यांची समाधी आमच्याच मावळात सुदुंबऱ्याला आहे. म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांकडे, वेगवेगळ्या रूपात प्रती. आजचे तज्ज्ञ मोठी पुस्तके लिहून हेच सांगतात. आपल्या संस्थांनी मात्र या कथेतला नेमका निम्मा भाग उचलला. डेटा गेला की काठावर बसायचे आणि तेरा दिवस वाट पाहायची. चौदाव्या दिवशी मेल येते की ‘रिकव्हरी शक्य नाही’. श्रद्धेत कुठे उणे पडले याचा शोध मग वापरकर्त्याने घ्यायचा असतो.

तो शोध साधारण असा चालतो. सोमवारी सकाळी विद्यार्थिनी फोन करते.

“सर, माझं स्क्रॅचवरचं फोल्डर दिसत नाहीये.”

“कधीपासून?”

“शुक्रवारी रात्री होतं. जॉब पण चालू होता.”

“पॉलिसी वाचली होतीत ना?”

“हो सर, पण...”

“मग गाईडकडून मेल टाकायला सांगा. बघतो.”

उत्तर देणारा माणूस वाईट नाही. तो बहुधा कंत्राटी असतो, साठ-सत्तर वापरकर्ते, एसीची गळती आणि बंद पडलेले नोड यांच्यामध्ये एकटा. बॅकअपसाठी जागा मागणारे त्याचे टिपण मागच्या कुठल्यातरी वर्षाच्या फायलीत आहे, आणि ती फाईल कागदाची असल्यामुळे सुरक्षित आहे. गाईड शनिवारपासून सोमवारपर्यंत वलवणच्या बंगल्यावर असतात. तिथे पावसात रेंज नसते, त्यामुळे मेल मंगळवारी जाते. या सगळ्यात विद्यार्थिनीला संयम, नम्रता आणि प्रयोग पहिल्यापासून करण्याची सवय लागते. पीएचडीच्या अभ्यासक्रमात इतके चारित्र्यसंवर्धन दुसऱ्या कुठल्या पेपरात होते, ते आम्हाला तरी आढळले नाही. फेलोशिपची पाच वर्षे संपली की पुढचे चारित्र्य स्वखर्चाने घडवायचे असते.

याचा खरा लाभ मात्र विज्ञानाला होतो, आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. निबंध छापून येतो तेव्हा त्याच्या शेवटी एक ओळ असते, की मूळ डेटा वाजवी विनंती केल्यास उपलब्ध होईल. कुणी खरेच विनंती केली, तर? आकडे पुन्हा तपासले गेले, आणि आलेख तसा निघालाच नाही, तर? ज्येष्ठांचे निष्कर्ष डळमळतील, पदोन्नत्यांवर प्रश्न येतील, वातावरण गढूळ होईल. अशा वेळी ‘क्लस्टर क्रॅश झाला होता’ हे वाक्य किती सौम्य, किती सभ्य आहे. त्यात कुणावर आरोप नाही. कुणाला पुरावाही मागता येत नाही. काही प्रकारची माहिती तर पुन्हा मिळवताच येत नाही. अवकाशातून एखादा रेडिओ स्फोट हजारांश सेकंदासाठी येतो आणि बहुतेक वेळा त्याच जागेहून पुन्हा आलेला दिसत नाही. अमुक वर्षीचा अमुक पाऊस पुन्हा पडत नाही. अशा नोंदीची दुसरी प्रत काढणे म्हणजे तिच्या एकमेवपणाचा अपमान.

सरकारी पातळीवरही हा विचार रुजू लागल्याची चिन्हे आहेत. मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी आग लागली तेव्हा फायलींची काय गत झाली ते महाराष्ट्राने पाहिले, आणि त्यानंतर संगणकीकरणाची जी लगबग झाली तीही पाहिली. त्या लगबगीतला धोका दक्षिण कोरियाने वेळीच दाखवून दिला. तिथल्या देजॉन शहरातल्या सरकारी डेटा केंद्रात २६ सप्टेंबर २०२५ ला बॅटरीला आग लागली. सरकारी कर्मचारी जिथे आपली कागदपत्रे ठेवत, ती ८५८ टेराबाइटची साठवण जळाली. तिचा बाहेर कुठेही बॅकअप नव्हता. कारण म्हणून सांगण्यात आले की ती फार मोठी होती. या तर्काला तोड नाही. किरकोळ गोष्टी लहान असतात म्हणून त्यांच्या प्रती निघतात, महत्त्वाच्या गोष्टी मोठ्या असतात म्हणून निघत नाहीत. ८५८ टेराबाइटना एलटीओ-९ च्या ४८ कॅसेटी पुरल्या असत्या, असला हिशेब दुःखाच्या प्रसंगी काढू नये.

इतक्या चांगल्या चाललेल्या व्यवस्थेला एकाच घटकापासून धोका आहे, आणि नागरिक म्हणून तो निदर्शनास आणणे आमचे कर्तव्य आहे. काही विद्यार्थी दर महिन्याच्या ३७ हजारांच्या फेलोशिपमधून पैसे वाचवून स्वतःची हार्ड डिस्क घेतात. रात्री, क्लस्टरवर गर्दी कमी असताना, ते आपले महत्त्वाचे आकडे त्यावर उतरवतात. डिस्क होस्टेलच्या खोलीत, कपड्यांच्या घडीखाली ठेवतात. काही जण तर एक प्रत गावी आईकडे ठेवून येतात. सुट्टीत ती उघडून, सगळे नीट वाचता येते का तेही बघतात, असे खात्रीलायक कळते. संस्थेच्या धोरणावरचा हा उघड अविश्वास आहे. या देशात कांदा आणि डाळ यांच्या साठेबाजीविरुद्ध कायदे आहेत, पण सार्वजनिक पैशातून निर्माण झालेल्या ज्ञानाची अशी खाजगी साठेबाजी राजरोस चालते. उद्या एखाद्या संस्थेत सगळे गेले आणि नेमके हेच लोक थिसिस घेऊन वेळेवर उभे राहिले, तर इतरांना काय तोंड दाखवायचे?

तेव्हा संस्थांनी होस्टेलची झडती घ्यावी. सापडतील त्या डिस्क पावती न देता जमा कराव्यात, आणि त्या सुरक्षित राहाव्यात म्हणून सर्व्हर रूममध्ये, मूळ डेटाच्या शेजारच्या रॅकमध्ये, त्याच युपीएसवर ठेवाव्यात.